काळ्या मोहऱ्यांनी नवव्या चालीला मात: मुलीची ओपनिंग बदलावी का?

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. आपली दहा वर्षांची मुलगी अकरा वर्षांखालील गटात बुद्धिबळाची जिल्हा निवड स्पर्धा खेळली आणि तिसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्या घेऊन खेळताना तिला नवव्या चालीला मात झाली. त्यानंतर एका अनुभवी पालकांनी ‘ई५ खेळणे बंद करा, कारो-कान शिकवा, त्यात असले सापळे नसतात’ असा सल्ला दिला. (ई५ म्हणजे पांढऱ्याच्या ई४ ला ई५ ने उत्तर देणे; कारो-कान म्हणजे त्याऐवजी सी६ ने उत्तर देणे.) ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची ठरलेली पद्धत, बदलावी का, मुलीकडून किती चाली पाठ करून घ्याव्यात आणि हाच हल्ला तिने स्वतः पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळावा का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

आपण दिलेल्या स्कोअरशीटप्रमाणे डाव असा झाला (× म्हणजे मोहरा मारणे): १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५ डी५ ५. ई×डी५ घोडा×डी५ ६. घोडा×एफ७ राजा×एफ७ ७. वजीर एफ३ शह, राजा ई८ ८. उंट×डी५ घोडा डी४ ९. वजीर एफ७ मात.

हा ‘टू नाइट्स’ बचाव आहे आणि सहाव्या चालीला घोड्याचे बलिदान देऊन होणारा हा हल्ला ‘फ्राइड लिव्हर’ या नावाने ओळखला जातो. टू नाइट्सची नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या पोलेरियो या खेळाडूच्या लिखाणापासून सापडते, आणि तेव्हापासून आजपर्यंत लहान मुलांच्या प्रत्येक स्पर्धेत हा हल्ला कोणाला ना कोणाला बसतोच. त्यामुळे आपल्या मुलीच्या बाबतीत काही विपरीत घडले, असे मनात आणू नका. मात्र या नऊ चालींमध्ये तिच्या तयारीविषयी बरेच काही दिसते, आणि ते नीट पाहिल्याशिवाय ओपनिंगचा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्कोअरशीटवर तिने घड्याळातली वेळ लिहिली आहे, ही फार चांगली सवय आहे. प्रत्येकी ६० मिनिटे आणि दर चालीला ३० सेकंदांची वाढ अशी स्पर्धेची वेळ होती. पाचव्या चालीनंतर तिच्या घड्याळात ६१ मिनिटे होती, म्हणजे पहिल्या पाच चालींना मिळून तिने दीड मिनिट घेतले. मात झाली तेव्हा ५८ मिनिटे शिल्लक होती. चौथ्या चालीला पांढऱ्याचा घोडा पटाची मधली रेषा ओलांडून जी५ वर आला, तिथेच हा डाव ठरणार होता, आणि नेमक्या त्याच ठिकाणी ती थांबली नाही. तिने डी५ बरोबर खेळले, कारण ती चाल तिला पाठ होती. पुढच्या चालीला पाठांतर संपले आणि प्यादे मारल्यावर प्यादे परत घ्यायचे, या साध्या सवयीने तिने घोडा×डी५ खेळले. आपला खरा प्रश्न इथे आहे. ओपनिंग कोणतीही असली तरी पाठ केलेल्या शेवटच्या चालीनंतरची पहिली चाल मुलाला स्वतः शोधावी लागते, आणि त्या चालीची तयारी बहुतेक ठिकाणी करून घेतली जात नाही.

आता पटाकडे वळू. ४. घोडा जी५ नंतर एफ७ या घरावर पांढऱ्याचे दोन मोहरे रोखलेले असतात, सी४ वरचा उंट आणि जी५ वरचा घोडा. काळ्याचा त्या घराला एकच जोर (राखण) आहे, तोही राजाचा. दोनाविरुद्ध एक, म्हणजे काही तरी केलेच पाहिजे. डी५ ने उंटाची वाट बंद होते, म्हणून ती चाल योग्य आहे. पांढरा ई×डी५ खेळला की त्या वाटेवर आता पांढऱ्याचेच प्यादे उभे असते. काळ्याने ते घोड्याने मारले की वाट प्याद्याऐवजी काळ्याच्याच घोड्याने अडवलेली राहते, आणि तो घोडा पूर्वी एफ६ वर उभा राहून एफ३ ते एफ७ या उभ्या रांगेत जो आडोसा देत होता, तो नाहीसा होतो. सहाव्या चालीनंतर राजा एफ७ वर आला की वजीर एफ३ ला जातो, आणि एकाच चालीत राजाला शह बसतो व डी५ वरच्या घोड्यावरही मारा होतो. ही पाचवी चाल चुकीची का, याचे कारण इतकेच आहे, आणि दहा वर्षांच्या मुलीला ते दहा मिनिटांत पटावर दाखवता येते.

सातव्या चालीला तिने राजा ई८ ला नेला. राजा घरी परत गेला की सुरक्षित, असे तिला वाटले असणार. बहुतेक मुलांना तसेच वाटते. तिथे राजा ई६ ही एकच चाल घोडा राखणारी होती. राजाला पटाच्या मध्यावर नेण्याची कल्पना मुलांच्या अंगावर येते, पण त्या स्थितीत हिशेब तोच सांगतो. पुढे ८. घोडा सी३ आल्यावर डी५ वर पांढऱ्याचे तीन मोहरे रोखले जातात, म्हणजे सी४ चा उंट, एफ३ चा वजीर आणि सी३ चा घोडा. काळ्याचा डी५ वरचा घोडा उंट आणि राजा यांच्यामध्ये खिळलेला असतो, म्हणजे तो हलला तर राजाला शह बसतो. सी६ वरचा घोडा बी४ किंवा ई७ ला नेऊन जोर वाढवावा लागतो. एक मोहरा जास्त असूनही काळ्याला तिथून पुढे प्रत्येक चाल अचूक शोधावी लागते. इंजिन, म्हणजे संगणकावरचा बुद्धिबळाचा प्रोग्राम, पांढऱ्याच्या बाजूने कौल देते आणि माणसांच्या डावांतही तसेच दिसते. म्हणून मी मुलांना ही स्थिती काळ्या बाजूने वाचवायला शिकवत नाही. ती येऊच नये, हे शिकवतो. तरीही शिकवणीत एकदा दोन्ही बाजूंनी ती खेळून घेतो, कारण राजा ई६ वर उभा असताना मोहऱ्यांचा हिशेब मांडण्याचा सराव अन्यत्र इतक्या सहज मिळत नाही.

आठव्या चालीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या दृष्टीने तीच या डावातली सर्वात बोलकी चाल आहे. पांढऱ्याचा उंट डी५ वर आला, त्याने घोडा मारला आणि त्याच वेळी वजीर एफ७ ला येऊन मात देण्याची धमकी तयार झाली. आपल्या मुलीने घोडा डी४ खेळून वजिरावर हल्ला केला. चाल धीट आहे, तिच्यात कल्पकता आहे, आणि घोडा सी२ वरही डोळा ठेवून आहे. पण समोरच्याची पुढची चाल काय, हा प्रश्न तिने विचारला नाही. वजीर एफ६ खेळली असती तर मात टळली असती, वजिरांची मारामारी झाली असती आणि एक प्यादे कमी, किल्लेकोटाचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) हक्क गेलेला अशा वाईट पण खेळण्याजोग्या स्थितीत डाव पुढे गेला असता. अकरा वर्षांखालील गटात अशा स्थितीतून वाचलेले कितीतरी डाव मी पाहिले आहेत. म्हणजे ओपनिंग पाचव्या चालीला बिघडली, पण डाव आठव्या चालीला गेला, आणि त्या दोन्ही ठिकाणी राहून गेलेली गोष्ट एकच होती: थांबून समोरच्याची पुढची चाल पाहणे.

या पार्श्वभूमीवर कारो-कानचा विचार करा. ती उत्तम ओपनिंग आहे आणि अनेक विश्वविजेत्यांनी ती खेळली आहे, तेव्हा तिच्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. पण तिथे सापळे नसतात, हे खरे नाही. १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घोडा सी३ डी×ई४ ४. घोडा×ई४ घोडा डी७ ५. वजीर ई२ आणि आता काळ्याने सवयीने दुसरा घोडा एफ६ ला काढला, तर ६. घोडा डी६ आणि मात. ई७ चे प्यादे घोडा मारू शकत नाही, कारण वजिरापुढे ते खिळलेले आहे, आणि राजाच्या सभोवतीची घरे त्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेली आहेत. इथे सहा चालींतच डाव संपला. जी मुलगी घोडा जी५ आल्यावर थांबली नाही, ती वजीर ई२ आल्यावर थांबेल याची खात्री कोण देणार? ओपनिंग बदलण्यात सहा महिने जातील आणि हीच उणीव नव्या घरात राहायला येईल.

तेव्हा ई५ सोडू नका. मात्र तिसऱ्या किंवा पाचव्या चालीला काय खेळायचे, हे ठरवले पाहिजे, आणि ते परिस्थितीवर अवलंबून आहे. पुढची स्पर्धा किती जवळ आहे, तिचे प्रशिक्षक आठवड्यातून किती वेळ देतात, आणि प्यादे कमी असताना ती शांत राहते की घाबरते, या तीन गोष्टी आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत.

स्पर्धा दोन-तीन आठवड्यांवर असेल, तर तिसऱ्या चालीला घोडा एफ६ ऐवजी उंट सी५ खेळावे. मग जी५ वर वजिराचा डोळा राहतो आणि ४. घोडा जी५ आले तर वजीर तो घोडा फुकट मारतो. यामुळे हा एक हल्ला मुळातून बंद होतो. पण ही चालही आंधळेपणाने खेळता येणार नाही. ४. सी३ घोडा एफ६ ५. डी४ ई×डी४ ६. सी×डी४ नंतर उंट बी४ असा शह द्यायचा असतो. उंट बी६ ला मागे घेतला, तर पांढऱ्याची डी आणि ई पट्टीतली प्यादी पुढे सरकत जातात आणि काळ्याच्या घोड्यांना उभे राहायला जागा उरत नाही. ४. बी४ हा इव्हान्स गॅम्बिटही (प्यादे देऊन वेगाने हल्ला उभारण्याचा प्रकार) कधीतरी समोर येईल. तोही एकदा पटावर पाहून ठेवावा. त्याहून जास्त तयारी आत्ता नको.

वेळ हाताशी असेल आणि मुलीला लढाऊ स्थिती आवडत असतील, तर घोडा एफ६ कायम ठेवून पाचव्या चालीला घोडा ए५ शिकवावे. माझी स्वतःची पसंती याला आहे. कारण ही चाल हल्ल्याच्या मुळाशी जाते: एफ७ वर रोखलेल्या सी४ च्या उंटालाच ती हलवते. पुढे ६. उंट बी५ शह, सी६ ७. डी×सी६ बी×सी६ आणि उंटाला पुन्हा हलावे लागते. तो ई२ ला गेला तर काळा एच६ खेळून घोड्याला हाकलतो, घोडा एफ३ ला जातो, मग ई४ खेळून त्याला पुन्हा हाकलतो. काळ्याचे एक प्यादे कमी आहे, पण त्या बदल्यात त्याने मोहरे बाहेर काढण्यासाठी वेळ मिळवला आहे. १९६३ मध्ये अमेरिकन ग्रँडमास्टर बिसगायरविरुद्ध बॉबी फिशर पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता, तेव्हा एच६ नंतर त्याने घोडा एफ३ ला नेण्याऐवजी पटाच्या कडेला एच३ वर ठेवला होता, यावरून या स्थितीत पांढऱ्यालाही विचार करावा लागतो हे लक्षात यावे. प्याद्याच्या बदल्यात वेळ घेणे, ही कल्पना दहाव्या वर्षी मुलीच्या हातात आली, तर तिचा उपयोग तिला या ओपनिंगच्या बाहेरही होईल. प्यादे कमी दिसले की ती रडवेली होत असेल, तर मात्र आत्ता हा मार्ग नको. वर्षभराने पुन्हा विचार करावा.

एच६ तिसऱ्याच चालीला खेळून घोडा जी५ येऊच द्यायचे नाही, असा तोडगा बरीच मुले स्वतःहून काढतात. त्यात एक चाल वाया जाते आणि पांढरा डी४ खेळून मध्य ताब्यात घेतो. हरण्यासारखे काही नाही, पण भीतीपोटी कडेचे प्यादे ढकलण्याची सवय लागते आणि ती पुढे सोडवणे कठीण जाते, म्हणून मी ती लागू देत नाही. पाचव्या चालीला घोडा डी४ किंवा बी५ असेही प्रकार आहेत. ते या वयात बाजूला ठेवावेत.

आता पाठांतराचा प्रश्न. किती चाली, याचे उत्तर आकड्यात देता येत नाही. मी मुलांना एक मर्यादा घालून देतो: ज्या चालीचे कारण स्वतःच्या शब्दांत सांगता येते, तिथपर्यंतच तुझी ओपनिंग. आपण घरी हे असे करून पाहा. इंजिन बंद ठेवा. हा डाव मुलीला पटावर मांडायला सांगा आणि प्रत्येक चालीला ‘ही का खेळलीस?’ एवढेच विचारा. जिथे ती ‘असेच खेळतात’ किंवा ‘सरांनी सांगितले’ म्हणेल, तिथे स्कोअरशीटवर पेन्सिलने खूण करा. ती खूण डी५ वर पडेल, असा माझा अंदाज आहे. बरोबर चालीवर पडलेली ही खूण घोडा×डी५ वरच्या खुणेपेक्षा महत्त्वाची आहे, कारण डी५ चे कारण ठाऊक असते तर उंटाची वाट बंद ठेवायची आहे हे तिच्या डोक्यात राहिले असते आणि पुढच्या चालीला तिने किमान थांबून पाहिले असते. खुणा झाल्यावर मग इंजिन सुरू करा, आणि तेही मुलीने आधी आपला पर्याय सांगितल्यानंतर. पालक आधी इंजिन लावतात, लाल रंगातल्या चुका मुलाला दाखवतात आणि मूल मान हलवते. यातून मुलाला चूक कोणती ते कळते, पण ती का झाली ते कळत नाही.

दुसरा सराव पटावरचा. ४. घोडा जी५ पर्यंतची स्थिती मांडून तिथूनच दहा-दहा मिनिटांचे डाव तिला बरोबरीच्या मुलांशी खेळू द्या, एकदा पांढऱ्या आणि एकदा काळ्या बाजूने. या डावांत एकच अट ठेवा. समोरच्याचा कोणताही मोहरा मधली रेषा ओलांडून आपल्या बाजूला आला, किंवा तिथल्या घरावर नव्याने रोखला गेला, की चाल करण्याआधी तिने त्या घरावर त्याचे किती आणि आपला जोर किती हे मोजायचे. सुरुवातीला मोठ्याने मोजू द्या. स्पर्धेत बोलता येत नाही, म्हणून नंतर मनातल्या मनात. आणि घड्याळाची नोंद करण्याची तिची सवय अशीच चालू ठेवा; दर पाच चालींऐवजी असा मोहरा आला त्या चालीला नोंद करायला सांगितले, तर ती खरोखर थांबली का, हे आपल्याला डावानंतर कागदावर दिसेल.

प्रशिक्षकांशी बोलताना ‘ओपनिंग बदला’ असे न म्हणता ‘या स्थितीत ती का थांबली नाही, हे पाहाल का?’ असे विचारावे. चांगला प्रशिक्षक या प्रश्नाचे स्वागत करील. स्पर्धा चालू असताना मात्र, दोन फेऱ्यांच्या मध्ये, यातले काहीही काढू नये. या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात, हरलेल्या मुलाची पुढची गाठ साधारण तेवढेच गुण असलेल्या मुलाशी पडते, आणि तो डाव मोकळ्या मनाने खेळता यावा यासाठी खाणे, पाणी आणि थोडी विश्रांती एवढेच पुरे.

शेवटचा प्रश्न, तिने हा हल्ला पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळावा का? माझे उत्तर होकारार्थी आहे, आणि याबाबत माझे काही सहकारी माझ्याशी सहमत नाहीत. ४. घोडा जी५ ही अडाण्याची चाल आहे, असे जर्मन खेळाडू आणि लेखक टाराशने म्हटले होते, कारण सुरुवातीलाच तोच मोहरा दुसऱ्यांदा हलवला जातो. पण स्टाइनिट्झ आणि फिशर या विश्वविजेत्यांनी ती खेळली आहे, आणि मोजून हल्ला करण्याचा सराव लहान मुलांना तिच्यातून चांगला मिळतो. समोरच्याने घोडा×डी५ खेळले, तर ६. घोडा×एफ७ आणि ६. डी४ या दोन्ही चाली तिने खेळून पाहाव्यात. बरेच जाणकार दुसरीला अधिक जोरकस मानतात. घोडा ए५ खेळले, तर मिळालेले प्यादे सांभाळत किल्लेकोट करून घेणे तिला शिकावे लागेल, आणि तिथे घाई करणारी मुले हरतात. एक सावधगिरी मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. ४. घोडा जी५ नंतर समोरच्याने एफ७ कडे दुर्लक्ष करून उंट सी५ खेळले, तर तो ट्रॅक्सलरचा प्रतिहल्ला असतो. तिथे घोड्याने एफ७ मारण्याचा मोह होतो आणि लगेच एफ२ वर उंटाचे बलिदान येऊन पांढऱ्याचाच राजा उघडा पडतो. त्याऐवजी ५. उंट×एफ७ शह, राजा ई७ आणि मग उंट बी३ किंवा डी५ ला मागे घ्यावा. एक प्यादे हाती येते, काळ्याला किल्लेकोट करता येत नाही आणि डाव तिला समजेल अशा वाटेवर राहतो.